शनिवारचा पेपर

हिवरखेडच्या स्टँडवर उतरलं की रसवंतीला लागून गजेंद्रचं दुकान. पाटीवर सातबारा, पीकविमा, पॅन, आधार, रेल्वेचं तिकीट, सगळ्या परीक्षांचे फॉर्म असं इतकं काही रंगवलेलं की दुकानाचं नाव लिहायला जागाच उरली नव्हती. लोकांचंही त्यावाचून काही अडत नसे. ‘गजूकडे जाऊन येतो’ म्हणायचे आणि कागदांची पिशवी काखेत मारून यायचे.

गजेंद्र माणूस गुणी होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचा मला राग येणार आहे. म्हातारी माणसं अंगठा लावायला आली की तो उठून त्यांना आपली खुर्ची द्यायचा. कुणाच्या आधारवर जन्मसाल चुकलं, कुणाच्या सातबाऱ्यावर मेलेल्या काकाचं नाव राहिलं, हे त्याला तोंडपाठ. गावातली किती पोरं त्याच्या खुर्चीवरून कॉलेजात गेली याची मोजदाद नाही. एकच खोट होती. आपलं चुकलं हे त्याच्या तोंडातून निघायचं नाही. काम अडलं की तो म्हणायचा, सर्व्हर डाऊन आहे. लोक बिचारे त्या सर्व्हरलाच शिव्या घालत घरी जायचे.

आता त्याच्या कामाची रीत. फॉर्म भरायचा म्हणजे मोबाईल नंबर लागतो, त्यावर ओटीपी येतो. पण बापाचा फोन वावरात, तिथे रेंज नाही. आईच्या फोनला रिचार्ज नाही. पोरीला फोन दिलेलाच नाही. मग ओटीपीसाठी माणसं दुकान ते वावर चकरा मारणार कुठे? म्हणून गजेंद्रने एक जुना बटणांचा फोन आणि एक जास्तीचं सिम ठेवलं होतं. गावातल्या साठ-सत्तर पोरांच्या फॉर्मवर तोच नंबर. पोरांचे ईमेलही तोच काढायचा, त्यांनाही नंबर तोच. पासवर्ड एका लांब वहीत लिहून ठेवायचा. पोरांनी फक्त फोटो आणि सही आणायची. सगळ्यांना ही सोय वाटत होती, आणि इतकी वर्षं ती सोयच होती.

जानेवारीत जानरावची रागिणी आणि तिची मैत्रीण भावना फॉर्म भरायला आल्या. जानरावचं चार एकर, त्यात भाजीपाला आणि एका बाजूला मोगरा. रागिणीला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकायचं होतं आणि त्यासाठी सीईटी द्यायची होती. तिची पहिलीच मोठी परीक्षा. तेव्हा ती वर्षातून एकदाच व्हायची. जानरावने गजेंद्रला बजावलं, “दोघींचे फॉर्म संगंच भर, गजू. एकाच दिवशी नंबर लागला का एकाच गाडीत नेता येते.”

हा गावचा ठरलेला हिशेब होता. फॉर्म पाठोपाठ भरले की सेंटर एक, दिवस एक. तसं काही नसतं हे गजेंद्रला पक्कं माहीत होतं. पण बरेचदा जमून जायचं, आणि जमलं की श्रेय त्याला मिळायचं, म्हणून तोही मान हलवायचा. भावनाचा भाऊ तेवढा खमक्या निघाला. म्हणाला, माझाच नंबर टाका. गजेंद्रला ते लागलं होतं, पण त्याने टाकला. रागिणीच्या फॉर्मवर मात्र दुकानाचाच नंबर गेला.

एप्रिलच्या एका शुक्रवारी दोघी हॉल तिकीट काढायला आल्या. परीक्षा सोमवारपासून शनिवारपर्यंत, रोज दोन पाळ्या, आणि कुणाची कोणत्या दिवशी ते हॉल तिकिटावरच कळणार. भावनाचं दोन मिनिटांत निघालं. शनिवार, सकाळी नऊ ते बारा, अकोला. मग गजेंद्रने रागिणीच्या फॉर्मचा नंबर टाकला. पासवर्ड चुकीचा, असं आलं. वही पाहिली, पुन्हा टाकला. पुन्हा तेच. वहीत त्या ओळीवर चहाचा डाग होता आणि शेवटचे दोन आकडे पुसटलेले होते. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा अंदाजाने टाकल्यावर खातं बंद झालं आणि खाली ओळ आली: नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.

गजेंद्रने खालच्या कप्प्यातून तो बटणांचा फोन काढला, चार्जिंगला लावला, सुरू केला. स्क्रीनवर ‘सिम नोंदणी नाही’. मग त्याला आठवलं, फॉर्मांचा मोसम संपल्यावर रिचार्ज मारायचा राहिला होता. किती महिने झाले ते आठवेना. स्वतःच्या फोनवरून त्याने तोच नंबर लावून पाहिला. रिंग गेली. आणि कुणी तरी बाई ‘हालो’ म्हणाली. कंपनीने नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता. गजेंद्रने फोन कापला.

“काय झालं, गजूकाका?” रागिणीने विचारलं.

“काही नाई. सर्व्हर डाऊन हाये.”

“पन भावनाचं तं निघालं.”

“निघालं अन् मंग बसलं. तू कायले फिकर करतं? दोघींचे फॉर्म एकाच बैठकीत भरले मी. तुयाही शनवारच असन. जाय, अभ्यास कर.”

आता हे तो का बोलला, ते त्यालाही नंतर सांगता आलं नसतं. पोरीचा चेहरा उतरू नये म्हणून बोलला असेल. दुकानात आणखी चार माणसं उभी होती म्हणून बोलला असेल. पण एकदा शनिवार म्हटलं आणि तो शनिवार पक्का झाला. रागिणीने घरी जाऊन कॅलेंडरवर लाल गोल केला.

त्या दिवशी दुपारी गजेंद्रने पुन्हा त्या बाईला फोन लावला. अगदी गोड आवाजात म्हणाला, “मावशी, तुमच्या फोनवर सहा आकड्यांचा एक मेसेज येईल, तेवढा वाचून दाखवा.” पलीकडून तोंडाचा जो पट्टा सुटला तो त्याने जन्मात ऐकला नव्हता. मेल्या, चोरट्या, तुझ्या घरी आईबहिणी नाहीत का. तिने फोन आपटला आणि त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला. चूक तिची नव्हती. ओटीपी कुणाला सांगू नका, हे सरकार, बँक आणि टीव्ही तिच्या कानीकपाळी ओरडत होते. गजेंद्रने स्वतः गावातल्या शंभर म्हाताऱ्यांना तेच पढवलं होतं. शनिवारी आणि रविवारी त्याने दुसऱ्या दोन फोनांवरून प्रयत्न केला. तेही तिने ब्लॉक केले.

सोमवारी परीक्षा सुरू झाली. सकाळी नऊ वाजता गजेंद्र दुकानात एकाच्या पीकविम्याचा अर्ज भरत होता आणि त्याचं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. रागिणीचा पेपर आता चालू असेल तर? हेल्पलाईनला लावला, तर म्हणाले नोंदवलेल्या ईमेलवरून अर्ज पाठवा. नोंदवलेला ईमेल उघडायलाही ओटीपी त्याच नंबरवर. गजेंद्र हसलाच, पण ते हसणं बरं नव्हतं. दुपारी दोनला पुन्हा तोच विचार आला, की आता दुसरी पाळी बसली असेल. जेवण त्याला गेलं नाही.

मंगळवारी तो काही तरी निमित्त काढून जानरावच्या घरी गेला. अंगणात रागिणीची आई सुभद्रा शेंगा निवडत बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. घरात सगळा कारभार बदललेला. टीव्हीची वायर काढून ठेवलेली. मामाच्या घरचं लग्न होतं, तिथे फक्त जानराव अक्षता टाकून परत आला होता. मोगरा तोडायला रोज पहाटे रागिणीचे हात लागायचे, पण आठ दिवस तिला वावराची सुट्टी होती आणि सुभद्रा एकटीच तोडत होती. मधल्या खोलीचं दार लोटलेलं, आत कूलरची घरघर.

रागिणी पाणी प्यायला बाहेर आली. डोळे खोल गेलेले, बोटाला निळी शाई. पण चेहऱ्यावर भलताच उत्साह. “काका, अकरावीची बायोलॉजी दोनदा झाली. केमिस्ट्रीतले दोन धडे राह्यले. सरांनी सांगितलं, पेपर ज्या टायमाले हाये त्याच टायमाले घरी बसून सोडवाचा. मी रोज नऊ ते बारा बसून राहिली. हॉल तिकीट निघालं काय?”

“निघते आज-उद्या.”

“शनवारले किती वाजता निघाचं? भावनाचा भाऊ म्हनते पाचले.”

“पाच बरोबर हाये,” गजेंद्र म्हणाला.

बाहेर जानराव भेटला. म्हणाला, “गजू, तू हायेस म्हनून मी बिनघोर हावो. मले त्या कम्प्युटरातलं काही समजत नाई.” तिथे सांगता आलं असतं. जानराव काही मारकुटा माणूस नव्हता, फार तर दोन शब्द बोलला असता. पण गजेंद्रने नुसती मान हलवली. तो गाडीला किक मारून निघाला आणि कोपऱ्यावर जाऊन उगाच थांबला. आपण एका पोरीचं वर्ष हातात धरून उभे आहोत आणि ते हातातून चाललं आहे, हे त्याला अगदी लख्ख दिसत होतं. त्या दिवशी तो अकोल्याला सिमच्या कंपनीच्या दुकानात जाऊन आला. तिथल्या पोरीने सांगितलं, नंबर आता तुमचा नाही, ज्यांचा आहे त्यांचं नावही आम्ही देऊ शकत नाही.

बुधवारी संध्याकाळी ताटावर बसून त्याने भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. सीमा, त्याची बायको, पाच दिवस हे पाहतच होती. तिने सरळ विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं. सीमाने कपाळावर हात मारून घेतला नाही की ती रडली नाही. तिने आपला फोन उचलला. तिच्या फोनवर ते नाव दाखवणारं ॲप होतं. नंबर टाकला. नाव आलं: गोदाबाई गजरेवाली, अमरावती, अंबागेट.

“गजरेवाली,” सीमा म्हणाली. “अवो, जानरावभाऊचा मोगरा तं रोज अमरावतीलेच जाते. त्यायले सांगा. एका फोनात काम होते.”

“नाई.”

“काहून नाई?”

“त्याले काय सांगू? पाच दिवस खोटं बोललो म्हनून? मी उद्या पहिल्या गाडीनं जातो. मीच आनतो. कोनाले कळाचंबी नाई.”

“पोरीचा पेपर कवा हाये ते तुमाले मालूम हाये काय?”

सीमाने ताट उचललं. जाताना म्हणाली, “आताच्या आता जा त्यायच्या घरी. पायी जा. पाच मिनटाचा रस्ता हाये.” तो गेला नाही. अंगणातल्या खाटेवर पालथा पडून राहिला. मला त्याचा राग येतो तो इथे. सिम बंद पडलं ते पडलं, डाग पडला तो पडला. कुणाच्याही हातून होतं. पण ती पाच मिनिटं तो चालला नाही.

गुरुवारी पहिली गाडी पकडून तो अकोटला आला, तिथून अमरावतीच्या गाडीत बसला. अंजनगावच्या पुढे गाडीचं टायर बसलं आणि पाऊण तास उन्हात गेला. सोबतची माणसं बाभळीखाली जाऊन गप्पा मारत बसली. गजेंद्र ड्रायव्हरच्या डोक्यावर उभा राहून बोल्ट मोजत होता. अमरावतीच्या स्टँडवरून ऑटो करून अंबागेटला पोचायला अकरा वाजून गेले.

देवीच्या रस्त्याला फुलवाल्या बायका ओळीने बसलेल्या. ओल्या कापडाखाली मोगरा. गोदाबाई तिसरी. साठीची, ठसठशीत कुंकू, हातात सुई-दोरा. गजेंद्रने नमस्कार करून नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि ‘तो फोन’ म्हणताच तिने सुई टोपलीत खोचली.

“तूच का थो? फोनवर जमलं नाई म्हनून दारात आला?” आजूबाजूच्या बायका माना वळवून पाहायला लागल्या. “मांगल्या साली माह्या लेकीचं खातं असंच साफ केलं तुमच्यासारख्यानं. गोडच बोलत होता.”

गजेंद्रने हात जोडले. आणि मग, घराबाहेर पहिल्यांदा, त्याने काही न झाकता सगळं सांगितलं. नंबर कसा गेला, पोरगी कोण, तिला काय शिकायचं आहे, आणि आपण तिच्या घरी काय खोटं सांगितलं. सांगताना त्याचे डोळे भरून आले. गोदाबाई ऐकत राहिली.

“पोरीशी बोलू दे मले,” ती म्हणाली.

गजेंद्रने जानरावला फोन लावला, हॉल तिकिटासाठी अमरावतीला आलो एवढं सांगितलं आणि रागिणीला बोलवायला सांगितलं. जानराव घरीच होता. हळू आवाजात म्हणाला, “पोरगी पेपर सोडवून राहिली, दार लावून. बारा वाजल्याबिगर उठत नाई. काहून, काय झालं?”

गोदाबाईने फोन हिसकावून घेतला. “भाऊ, तुमी मोगरा लावता म्हने. कवा तोडता?”

जानराव क्षणभर गोंधळला. “उजाडाच्या आत. कळी बंद असतानी. ऊन लागलं का उमलते, मंग तुमी बाया घेत नाई.”

“अन् पाठवता कशात?”

“केळीच्या पानात. गोनपाट ओलं करून. सहाच्या गाडीवर.”

गोदाबाईने गजेंद्रकडे पाहिलं आणि टोपलीवरचं ओलं कापड बाजूला केलं. खाली केळीचं पान होतं. “हिवरखेडचा माल तं रोज माह्या हातात असते, बापा,” ती म्हणाली. “हे त्या भाऊले पह्यल्याच दिवशी सांगतलं असतं, तं मी तवाच आकडे देले असते. घे, पाठव तुया मेसेज.”

गजेंद्रने आपल्या मोबाईलवर साईट उघडली. दोनदा नंबर चुकला. गोदाबाईच्या फोनवर टिंग झालं. तिला अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे येत होते. एकेक आकडा तिने मोठ्याने सांगितला. खातं उघडलं. हॉल तिकिटावर बोट ठेवलं. चाक फिरत राहिलं. मग रागिणीचा फोटो आला, दोन वेण्या, शाळेचा निळा कुडता.

खाली सेंटर अकोल्याचं. त्याखाली तारीख. गजेंद्रने ती वाचली. मग फोनवर वरच्या कोपऱ्यात आजची तारीख पाहिली. पुन्हा खाली पाहिलं. गुरुवार. सकाळची पाळी. हजर राहण्याची वेळ साडेसात, पेपर नऊ ते बारा.

अकरा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

“झालं का काम?” गोदाबाईने विचारलं.

“झालं,” तो म्हणाला. तिने समाधानाने मान हलवली आणि एक गजरा पानात बांधून त्याच्या हातात दिला. “पोरीले दे. म्हनाव, चांगला लिहिजो पेपर.” त्याने तो घेतला.

समोरच्या रसवंतीच्या बाकड्यावर तो जाऊन बसला. पेपर अजून संपलेला नव्हता. अकोल्यात एका खोलीत एक खुर्ची रिकामी होती, कम्प्युटर सुरू होता, आणि अठरा मिनिटं बाकी होती. त्या अठरा मिनिटांत करण्यासारखं जगात काहीही नव्हतं, तरी तो घड्याळ पाहत बसला. बारा वाजले. सव्वाबारा वाजले. फोन लावावा म्हणून त्याने जानरावचा नंबर तीनदा काढला आणि तीनदा बंद केला. साडेबाराला फोन वाजला. जानरावचाच नंबर, पण आवाज रागिणीचा.

“गजूकाका! एकशे बासष्ट आले! दोनशेपैकी. भावनानं तपासले, मी नाई. एवढे कवाच आले नवते.” ती धापा टाकत बोलत होती, मागे सुभद्राचा हसण्याचा आवाज येत होता. “बाबा म्हनते तुमी अमरावतीले गेले, हॉल तिकिटासाठी. भेटलं काय?”

“भेटलं.”

“सेंटर?”

“अकोलाच.”

“भावनाचंच?”

“नाई. दुसरं.” त्याने समोरचा रसाचा ग्लास उचलला. रस तसाच खाली ठेवला. “रागिणी, बेटा, बाबाले फोन दे.”

“बाबा हातपाय धून राहिले. मले सांगा ना. तारीख शनवारचीच हाये ना?”

इतकी वर्षं त्याला अशा वेळी बोलायला काही ना काही सापडत आलं होतं. आज काहीच सापडलं नाही.

“आज होता पेपर,” तो म्हणाला. “सकाळी नऊ ते बारा. माही चूक हाये, बेटा. तुयी नाई. माही हाये.”

पलीकडे कूलरची घरघर ऐकू येत होती. मग रागिणी बोलली, आपलंच काही समजायचं राहिलं असेल अशा हळू आवाजात.

“पन काका, नऊ ते बारा तं मी घरीच होती.”